प्रवास प्रश्नोत्तरे : इथिओपियाला निघण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही चौघे पक्के शाकाहारी. इथिओपियाला डिसेंबरात जावे की जानेवारीअखेर? जेवणाचे हाल तर होणार नाहीत? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : डिसेंबरातच जा. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा नाताळ 7 जानेवारीला असतो. त्याआधी सहा आठवडे उपवास. मांस, अंडी, दूध, लोणी सगळे वर्ज्य. त्यामुळे साध्या खानावळीतही डाळी-भाज्या मिळतात. नाताळानंतर ही सोय मुख्यतः बुधवारी आणि शुक्रवारी. 'बेयाइनेतू' मागवा. टेफ या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली मऊ, जाळीदार, आंबूस इंजेरा येते आणि तिच्यावरच मसूर, पिवळी डाळ, कोबी, बीट, पालेभाजी वाढलेली असते. एकाच ताटातून, उजव्या हाताने तुकडा मोडून खायचे.

'शिरो' म्हणजे कडधान्याच्या पिठाचे, पिठल्याच्या जवळचे कालवण. फसगत होते ती इथेच. एरवीच्या दिवशी त्यात मसाल्याचे तूप पडते आणि 'बोझेना शिरो'त तर मांसच असते. म्हणून 'येत्सोम' म्हणजे उपवासाचे, असे सांगूनच मागवा. उपवासात मासे चालतात असे मानणारेही काही आहेत, तेव्हा मासे नकोत हे वेगळे सांगा. कांदा-लसूण जवळपास प्रत्येक कालवणात असतो. जैन मंडळींनी खाकरे, मेतकूट बरोबर न्यावे.

प्रश्न : यलो फीव्हरची लस टाळता येईल का? (नाशिकरोड)

उत्तर : नाही. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतताना 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सरकारमान्य केंद्रातच लस घ्या. प्रमाणपत्र 10 दिवसांनंतर वैध होते, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच तपासा. एक डोस जन्मभर पुरतो. साठीपुढचे, गरोदर स्त्रिया आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : अदिस अबाबा, सिमियन पर्वत आणि डॅनाकिल 9 दिवसांत होईल? (गंगापूर रोड)

उत्तर : ओढाताण होईल. कळसूबाई 1,646 मीटर. अदिस अबाबाच 2,300 मीटरच्या वर आहे आणि सिमियनमधले मुक्काम 3,200 मीटरपुढचे. डॅनाकिल समुद्रसपाटीच्या 100 मीटरहून खाली, रणरणत्या उन्हात. शिवाय या वाटेवरच्या अम्हारा, अफार आणि तिग्राय भागांत सुरक्षेची परिस्थिती बदलत असते. तिकिटाआधी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. आमच्या मते पहिल्या खेपेला अदिस आणि तटबंदीचे हरार पुरे. दिरे दावापर्यंत विमान, पुढे सुमारे 50 किलोमीटर घाट. दिरे दावा सखल आहे आणि तिथे मलेरिया आहे, म्हणून मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या हव्यातच.

बसचे तिकीट काढताना वेळ दोनदा विचारा. तिथले घड्याळ पहाटेपासून मोजतात : सकाळचे 7 म्हणजे त्यांचा 1. विमान कंपन्या मात्र आपल्यासारखीच वेळ छापतात.