नोंदी ठेवून पोट भरतं का? एका आईच्या पत्राला उत्तर

भांडुपहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी एस. वाय. बी. एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. तिला पुढे पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. करून प्रदूषणाच्या मोजमापाचं काम करायचं आहे आणि घरात त्यावरून रोज वाद होतो. आई लिहितात, "झाडं लावायला आणि किनारा साफ करायला पगार कोण देतं? आणि नुसत्या नोंदी ठेवून होतं काय? ऐरोलीच्या पुलावरून जाताना खाडी काळी दिसते, ते कळायला एम. एस्सी. कशाला हवी?"

ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर पटलं तर पहिल्याचं सोपं होईल.

खाडी काळी दिसते, हे खरं आहे. घराघरांतलं सांडपाणी पाण्यात आलं की त्यातल्या घाणीवर जिवाणू वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. तो संपला की तळाच्या गाळात सल्फाइड तयार होतं. तो काळेपणा आणि कुजक्या अंड्यासारखा वास त्याचाच. अशा पाण्यातून मासे आधी जातात. चिखलावर सरपटणारा निवट्या मासा तेवढा तग धरतो, कारण ओल्या कातडीतून त्याला हवेतला प्राणवायू घेता येतो. आता ठाणे खाडीला एका अंगाने मुंबई-ठाण्याच्या वस्तीचं सांडपाणी मिळतं आणि दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा आहे. पाणी बिघडवण्यात कोणाचा वाटा किती? पुलावरून पाहिलं तर सगळं पाणी सारखंच काळं. नाल्याच्या तोंडाशी, त्याच्या वर आणि त्याच्या खाली वेगवेगळे नमुने घेतले, ओहोटीला आणि भरतीला घेतले, पावसाळ्याआधी आणि नंतर घेतले, तरच बोट नेमकं कोणाकडे दाखवायचं ते कळतं. नोटीस काढायची, सांडपाणी प्रक्रिया केंद्र कुठे बांधायचं ते ठरवायचं, न्यायालयात बाजू मांडायची, तर "पाणी काळं होतं" एवढ्याने काही होत नाही. तिथे विरघळलेला प्राणवायू किती, बी. ओ. डी. (म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) किती, हेच विचारतात.

फ्लेमिंगोंचं उदाहरण तर तुमच्या घराजवळचंच आहे. १९९० च्या दशकापासून ते शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलावर मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. गुलाबी थवे पाहून आपल्याला वाटतं, खाडी सुधारली. पण लहान फ्लेमिंगोचं मुख्य खाणं सूक्ष्म शेवाळ, आणि शेवाळाला सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद मानवतं. म्हणजे पक्ष्यांची गर्दी हा पाणी स्वच्छ असल्याचा दाखला धरता येत नाही. पक्षी मोजणारा आणि पाणी तपासणारा यांनी एकत्र बसून वर्षानुवर्षांचे आकडे समोर ठेवले, तरच खरं काय चाललंय ते समजेल. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं आणि ते करायला माणसं कमी पडतात.

नोंदींनी काय होतं याचं सर्वांत मोठं उत्तर गिधाडांचं आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८० च्या दशकात गिधाडांची मोजणी केली होती. १९९० च्या दशकात तिथेच पुन्हा मोजल्यावर संख्या कोसळल्याचं दिसलं. आधीचे आकडे हातात नसते, तर "हल्ली गिधाडं कमी दिसतात" एवढंच म्हणून लोक पुढे गेले असते. पुढे २००४ मध्ये कारण सिद्ध झालं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या शरीरात जाई आणि मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. एक साधं औषध, वाईट हेतू कोणाचाच नाही, आणि मढी फस्त करणारी अख्खी फौज गेली. माणसाच्या हातून निसर्गाचं नुकसान बहुतेक वेळा असंच होतं, म्हणून कोणीतरी आधीपासून मोजत असावं लागतं.

मुंबईकराला २६ जुलै २००५ आठवत असेलच. त्या दिवशीच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही. एकाच शहरात! एका जागेच्या आकड्यावरून शहराचं चित्र कळत नाही, ते तेव्हा दिसलं. त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले.

आता पगाराचं. मोजमाप ही हौस नाही, कायद्याने ती सक्तीची आहे. १९७४ चा पाण्याचा, १९८१ चा हवेचा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा असे तीन मोठे कायदे आहेत. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. आपल्या शहरात असे टॉवर किती उभे राहतायत ते तुम्ही रोज पाहता. हे नमुने घेणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, सल्लागार कंपन्या, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेची मुंबईतली शाखा, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं अंधेरीतलं केंद्र, अशा बऱ्याच दारांवर ती जाऊ शकते. मोठ्या शेअर बाजार-नोंदणीकृत कंपन्यांना आता पाणी, ऊर्जा आणि उत्सर्जनाचा तपशीलही जाहीर करावा लागतो, तेही काम वाढतंय. सुरुवातीचा पगार मात्र संगणक क्षेत्रासारखा नसतो आणि सरकारी भरती कधी निघेल याचा भरवसा नसतो. पहिली दोन-तीन वर्षं घरच्यांनी धीर धरावा लागेल, हे आत्ताच मान्य करा.

तिचं रसायनशास्त्र हे तिचं बळ आहे, ते तिने अजिबात सोडू नये. विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत म्हणजे शेवटी आयोडिनचं टायट्रेशनच, आणि ते तिने कॉलेजात केलेलं असेल. उरलेल्या वर्षात संख्याशास्त्र आणि क्यू-जी. आय. एस. हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर शिकावं. पदवीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग किंवा दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ पाहावं. जे. एन. यू.साठी सी. यू. ई. टी.-पी. जी. ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गेट या राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेतही २०२१ पासून पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. वर्षभराच्या चकचकीत डिप्लोम्यांवर पैसे घालवू नका. जिथे प्रयोगशाळा नाही, तिथे हा विषय शिकवता येत नाही.

एक गोष्ट तिच्याशी तुम्ही स्वतः बोला. हे काम चिखलात, उन्हात, नाल्याच्या काठावर असतं. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. स्त्रियांसाठी अनेक ठिकाणी साधी स्वच्छतागृहाची सोयही नसते, तेव्हा नोकरी घेताना सोबत कोण, गाडी कोणती, हे तिने निःसंकोच विचारावं. आणि कधीतरी कोणीतरी म्हणेल, "मॅडम, आकडा जरा खाली आणा." त्या वेळी नाही म्हणायचं बळ तिच्यात आहे का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

येत्या सुट्टीत तिला एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत महिनाभर विनावेतन का होईना, नमुने घ्यायला जाऊ द्या. सोबत भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावरची एक जागा निवडून दर रविवारी, त्याच वेळी, दिसलेले पक्षी आणि ओहोटी-भरती वहीत लिहायला सांगा. चार महिन्यांनी वही भरत असेल, तर घरातला वाद थांबवा आणि प्रवेशाच्या तयारीला लागा. दोन रविवारांतच कंटाळली, तर रसायनशास्त्रातच एम. एस्सी. करू द्या, औषध कंपन्यांचा रस्ता तिला मोकळा आहेच. काय झालं ते मला जरूर कळवा, पत्रासोबत तिची आतापर्यंतची गुणपत्रकं पाठवलीत तर कॉलेजांची नावं अधिक नेमकी सांगता येतील.