फ्रान्समध्ये फिरताना गावोगावच्या छोट्या दुकानांतून तिथली स्थानिक वाइन कशी शोधावी?

अशी वाइन शोधताना बहुधा तीन अडचणी येतात: सुपरमार्केटमधल्या भिंतभर बाटल्यांपुढे काही सुचत नाही, फ्रेंच येत नाही, आणि बाटलीमागे १५ युरोच्या वर जायचं नाही. तिन्हींवर मी एकच उपाय सांगेन. एकाच दुकानात दोनदा जा. पहिल्या फेरीत दुकानदाराला तुमची आवड माहीत नसते, तो अंदाजाने काहीतरी देतो. दुसऱ्या दिवशी परत जाऊन 'ही आवडली, ती फार आंबट वाटली' एवढं सांगितलंत की त्याला धागा सापडतो, आणि तिसरी बाटली बहुधा नेमकी बसते. त्यामुळे रोज गाव बदलण्यापेक्षा एका वाइन-प्रदेशात निदान तीन रात्री मुक्काम ठेवा.

आधी दुकान. वाइन विकणाऱ्याला तिथे 'काव्हिस्त' म्हणतात. निकोलासारख्या दुकानांच्या साखळ्या जुन्या आहेत (निकोला १८२२ पासून आहे) आणि त्या वाईट नाहीत, पण त्यांचा बराचसा माल ठरलेल्या यादीतून येतो. स्वतंत्र काव्हिस्त आपला माल स्वतः चाखून, बागायतदाराशी बोलून घेतो. ओळखायचं कसं? बाटल्यांखाली हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात आणि त्यांवर उत्पादकाचं आणि द्राक्षाच्या जातीचं नाव असतं. एकाच उत्पादकाच्या तीन-चार वेगवेगळ्या बाटल्या शेजारी दिसतात. सोनेरी पदकांचे स्टिकर फारसे नसतात. काउंटरवर एखादी उघडी बाटली आणि दोन-चार ग्लास असले तर आणखी उत्तम. याउलट काचेच्या दर्शनी भागात फक्त बोर्दोच्या प्रसिद्ध शातोंच्या (मोठ्या वाइन-बागांच्या) बाटल्या आणि शँपेनच्या लाकडी पेट्या मांडलेल्या असतील, आणि दुकान चर्चच्या चौकात पर्यटकांच्या वाटेवर असेल, तर दोन गल्ल्या आत शिरा.

वेळ सांभाळा. दुपारी साधारण साडेबारा-एक ते तीन दुकान बंद, सोमवारी बऱ्याचदा दिवसभर किंवा निदान सकाळी बंद, रविवारी दुपारनंतर बंद. शनिवारी संध्याकाळी सहानंतर गावकरी जेवणावळीसाठी बाटल्या घ्यायला गर्दी करतात, तेव्हा तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते. मंगळवार ते गुरुवार, दुपारी चार ते सहा ही सगळ्यात चांगली वेळ. शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी अनेक दुकानांत एखादा उत्पादक स्वतः येऊन वाइन चाखवतो. दारावर 'देग्युस्तासिओं' अशी पाटी दिसली की जरूर आत जा. असं चाखणं बहुधा फुकट असतं, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात थुंकण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चार-पाच वाइन चाखायच्या असतील तर थुंकाच, नाहीतर तिसऱ्यानंतर सगळ्या सारख्याच छान लागतात.

आत शिरताना आधी 'बाँजूर' म्हणा. ते न म्हणता बाटल्या हाताळायला लागलात तर पुढचा सगळा संवाद कोरडा होतो. मग तीनच गोष्टी सांगायच्या: काय खाणार आहात, किती पैसे, गोड की कोरडी. 'अँ व्हँ द्यू क्वँ, कँझ युरो माक्सिमॉम' म्हणजे इथलीच एखादी वाइन, जास्तीत जास्त पंधरा युरो. बजेट सांगायला लाजू नका. फ्रेंच गिऱ्हाइकंही सांगतात, आणि आकडा कळल्यावर दुकानदाराचं काम सोपं होतं. पंधरा युरोतले अडीच युरो मूल्यवर्धित कराचे (२० टक्के) असतात, आणि साध्या वाइनवरचं उत्पादन शुल्क बाटलीमागे जेमतेम तीन सेंट. म्हणूनच त्या पैशांत तिथे खरोखर चांगली वाइन मिळते. ९ ते १८ युरोच्या टप्प्यातच काव्हिस्तची खरी पारख दिसते. ८० युरोची चांगली बाटली कुणीही दाखवू शकतो.

गोडीच्या बाबतीत एक घोटाळा हमखास होतो. आपल्याकडे 'फ्रूटी' म्हटलं की थोडी गोड असं समजतात. तिथे 'फ्रुइते' म्हणजे फक्त फळांचा वास, वाइन पूर्ण कोरडी असू शकते. कोरडी हवी तर 'सेक', किंचित गोड 'दमी-सेक', गोड 'म्वालो', फार गोड 'दू'. मात्र फसफसणाऱ्या वाइनवर 'सेक' लिहिलेलं असेल तर तिच्यात लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर असते. तिथे कोरडी हवी तर 'ब्र्यूत' बघा, म्हणजे १२ ग्रॅमपेक्षा कमी.

तुमची आवड सांगण्यासाठी नाशिकचा उपयोग होतो. नाशिकची शेनिन ब्लाँ आवडत असेल तर 'शेनँ' हा शब्द पुरेसा आहे. ती जात मूळची लुआर खोऱ्यातली. व्हुव्रे, मोंलुई आणि साव्हन्येर ही तिची घरची गावं. नाशिकच्या गोडसर शेनिनची सवय असेल तर व्हुव्रे दमी-सेकपासून सुरुवात करा, साव्हन्येर एकदम घेतलीत तर ती कडक आणि कोरडी वाटेल. शिराज आवडत असेल तर 'सिरा' म्हणा आणि ऱ्होन नदीच्या उत्तर भागातली सँ-जोझेफ किंवा क्रोझ-एर्मिताज मागा. तिच्यात ऑस्ट्रेलियन वळणाचा जॅमसारखा गोडवा नसतो, काळी मिरी असते.

पहिल्या फेरीत दोन बाटल्या घ्या, आणि त्या एकाच बाबतीत वेगळ्या असू द्या. हा माझा आग्रह आहे, कारण एक लाल, एक पांढरी, एक फसफसणारी असं घेतलं तर काय आवडलं आणि कशामुळे हे कळतच नाही. व्हुव्रे लुआरच्या उत्तर काठावर, मोंलुई समोर दक्षिण काठावर. द्राक्ष तेच, दोन्ही 'सेक' घ्या. बोजोलेमध्ये फ्लरी आणि मोर्गों घ्या. दोन्ही गामे जातीच्या, पण फ्लरीची जमीन गुलाबी ग्रॅनाइटची, आणि मोर्गोंच्या कोत द्यू पी टेकडीवर झिजलेला निळसर खडक. एक फुलासारखी हलकी, दुसरी भरीव. हा फरक पुस्तकातून समजत नाही, आणि बागायतदाराकडे थेट गेलात तर तो फक्त स्वतःचीच वाइन पाजतो. शेजाऱ्याशी तुलना करून दाखवणारा माणूस दुकानातच भेटतो.

एकच प्रदेश निवडायचा असेल तर मी ज्युरा सुचवीन, मुक्काम आर्बुआ गावात. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचा हा छोटा डोंगराळ पट्टा आहे. आर्बुआला १९३६ मध्येच मूळस्थानाचा दर्जा (वाइन त्याच भागातली आणि तिथल्या नियमांनी बनलेली असल्याची कायदेशीर ओळख) मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काहींपैकी ते एक. इथली पांढरी वाइन दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी बनते, आणि न विचारता घेतली तर हमखास फसायला होतं. 'उइये' म्हणजे पिंपात वाइन आटेल तशी वरून भरत राहायचं, हवा लागू द्यायची नाही. ही ताजी, लिंबासारखी लागते. 'सू व्हुआल' म्हणजे वाइन आटू द्यायची, वर यीस्टचा पातळ पापुद्रा धरू द्यायचा. हिला अक्रोडाचा, सुक्या मसाल्यांचा वास येतो. त्यामागचा एक मुख्य रेणू सोटोलोन, आणि मेथीदाण्यांचा वासही त्याचाच. मराठी नाकाला तो ओळखीचा वाटेल, पण कल्पना नसताना पहिला घोट घेतला तर बाटली खराब आहे असंच वाटतं. लेबलवर 'त्रादिसिओं' लिहिलेलं असेल तर बहुधा ही दुसरी पद्धत असते. तरी खात्रीसाठी 'उइये?' एवढंच विचारा.

या पद्धतीचा कळस म्हणजे 'व्हँ जोन', पिवळी वाइन. फक्त साव्हान्यँ जातीची, काढणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते, आणि त्यातली निदान ६० महिने पापुद्र्याखाली. ती ६२ सेंटिलिटरच्या बुटक्या 'क्लाव्हलँ' बाटलीतच भरतात. एका लिटरमधून एवढी वर्षं आटून तेवढीच उरते, असं तिथले लोक सांगतात. पस्तीस युरोंच्या खाली ती सहसा मिळत नाही, म्हणून तुमच्या बजेटमध्ये शार्दोने आणि साव्हान्यँ यांचं 'त्रादिसिओं' मिश्रण घ्या आणि सोबत कोंते चीज. लाल हवी असेल तर पुलसार (फिकी, जवळजवळ गुलाबी) आणि त्रूसो या जाती. पुलसार फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून प्या. २०२१ ची बाटली दिसली तर थोडा विचार करा: त्या एप्रिलच्या कडाक्यात कोंब जळाले, पीक फार थोडं आलं, बाटल्या दुर्मीळ आणि महाग झाल्या.

बाकी प्रदेश थोडक्यात, त्या त्या भागात गेलात तर हे शब्द टाका. नैऋत्येला मार्सियाकची लाल (जात फेर सेर्व्हादू, तिथे मांसुआ म्हणतात), गायाकची मोझाक, फ्राँतोंची नेग्रेत, बास्क डोंगरातली इरुलेगी, जुराँसोंची गोड आणि कोरडी दोन्ही. साव्हुआमध्ये जाकेर आणि लाल मोंदूज. कोर्सिकात पात्रिमोनिओ. नाँतच्या आसपास म्यूस्कादे, पण साधी नको, लेबलवर 'क्लिसों' किंवा 'गोर्ज' या गावाचं नाव लिहिलेली. नैऋत्येकडच्याच मादिराँची लाल दणकट असते, मटणाबरोबर छान. पण मुक्कामी घरात तुम्ही झणझणीत रस्सा करणार असाल तर ती टाळा, तुरट वाइन आणि मिरची एकमेकांना आणखी भडकवतात.

लेबल वाचण्यासाठी फार काही लागत नाही. 'मी आँ बुतेय ओ दोमेन' म्हणजे बागेतच बाटलीबंद केलेली. पत्त्यातल्या पिनकोडचे पहिले दोन आकडे जिल्हा सांगतात: ३९ ज्युरा, ३७ आणि ४९ लुआरकाठ, ४६ काऑर, १२ मार्सियाक, ६४ जुराँसों आणि इरुलेगी. लुआरच्या वाइनवर ३३ म्हणजे बोर्दोचा पत्ता असेल तर ती बहुधा घाऊक व्यापाऱ्याची. टोपणावर पाठीवर पिंप घेतलेल्या माणसाचं चिन्ह म्हणजे स्वतंत्र उत्पादकांच्या संघाचा सदस्य. 'व्हिएय व्हीन्य' म्हणजे जुने वेल, पण किती जुने याचं कायद्यात बंधन नाही. आणि 'व्हँ द फ्राँस' (नुसती 'फ्रान्सची वाइन', मूळस्थानाचा दर्जा नसलेली) दिसलं की नाक मुरडू नका. सुपरमार्केटमध्ये तो खालचा दर्जा असतो, पण काव्हिस्तकडे तीच बाटली २० युरोला असेल तर त्यामागे कारण असतं: नियमात न बसणारी जात, वेगळी पद्धत, किंवा गारपीट-थंडीच्या वर्षी दुसरीकडून आणलेली द्राक्षं. विचारा, सांगायला त्याला आवडतं.

'व्हँ नात्यूर'बद्दल, म्हणजे 'नैसर्गिक' वाइनबद्दल, सावध राहा. गंधक न घातलेल्या वाइन अनेक दुकानांत भरपूर असतात. चांगली असली तर फार जिवंत लागते, पण बाटलीत पुन्हा आंबू शकते, किंवा उघडल्यावर काही वेळाने उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव मागे राहते. किंचित बुडबुडे असतील तर सुरईत ओतून हलवा, जातात. १४ अंशांच्या वर ती फार काळ ठेवू नका, आणि भारतात न्यायला घेऊ नका. उन्हाळ्यात भाड्याच्या गाडीच्या डिकीत तर कोणतीच वाइन ठेवू नका. बूच वर सरकलेलं दिसलं तर ती तापली असं समजा.

बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष. ओतून टाकू नका. जवळजवळ भरलेली बाटली बुचासकट दुसऱ्या दिवशी परत न्या आणि 'बूशोने' म्हणा. चांगला काव्हिस्त सहसा बदलून देतो. नुसती आवडली नाही म्हणून मात्र बदलून मागू नये.

बूच काढायचं यंत्र नसेल तर दुकानातच उघडून अर्धं परत बसवून द्यायला सांगा. काही दुकानांत बसून पिता येतं, चीज आणि सॉसेजच्या थाळीसह. तेव्हा दुकानाच्या किमतीवर साधारण ७ ते १५ युरो जास्त पडतात, रेस्टॉरंटपेक्षा तरीही बरंच स्वस्त. आणि दुकानदारासमोर प्रत्येक बाटली रेटिंगच्या ॲपवर तपासू नका. छोट्या उत्पादकांना तिथे मोजकेच गुण मिळालेले असतात, आणि त्यालाही ते आवडत नाही. त्याऐवजी प्यायलेल्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढा आणि दुसऱ्या फेरीत तोच त्याच्यापुढे धरा. भाषा येत नसेल तर अंगठा वर किंवा खाली एवढंही चालतं.

घरी आणण्याचा हिशेब: भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे ७५ सेंटिलिटरच्या दोन बाटल्या आणि ३७.५ ची एक अर्धी, मिळून १.८७५ लिटर. तीन पूर्ण बाटल्या सव्वादोन लिटर होतात आणि वरच्या भागावर भरमसाट शुल्क लागतं. क्लाव्हलँ मात्र तीन बसतात, १.८६ लिटर. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची असते. दुकानदाराकडून जाड पुठ्ठ्याची नळी मागून घ्या, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा, कडेला नाही. व्हँ जोन उघडल्यावरही काही आठवडे टिकते, त्यामुळे घरी एकट्याने थोडी थोडी प्यायची असेल तर तीच न्या.