वाचकांचे प्रश्न : लाल पडद्याचा व्हर्च्युअल बॉय

निंटेंडोच्या व्हर्च्युअल बॉय या, डोळे लावून त्रिमित चित्र पाहायच्या गेम कन्सोलबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. हा कन्सोल १९९५ मध्ये फक्त जपान आणि उत्तर अमेरिकेत विक्रीला आला आणि वर्ष भरायच्या आत बाजारातून गेला. भारतात तो अधिकृतपणे कधीच आला नाही, म्हणून बहुतेक प्रश्न परदेशातून मागवण्याचे आणि आल्यावर दुरुस्त करण्याचे आहेत.

प्रश्न (नाशिक) : माझी बहीण नागोयाला राहते. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानात व्हर्च्युअल बॉय आहे, पण त्यावर 'जंक' अशी चिठ्ठी लावलीय. घ्यायला सांगू का?

जपानी दुकानात 'जंक' म्हणजे वस्तू बिघडलेलीच आहे असं नाही. आम्ही तपासलेली नाही आणि परत घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. किंमत बरी असेल तर घ्यायला हरकत नाही, मात्र बहिणीला काही गोष्टी बघायला सांगा.

खोका नसला तरी चालेल. कंट्रोलर मात्र हवाच, कारण वीज त्याच्यातूनच कन्सोलला जाते आणि चालू-बंद करायचं बटणही त्याच्यावरच असतं. कंट्रोलरच्या मागे सरकवून बसवायचा बॅटरीचा डबा आहे का, आतल्या स्प्रिंगांवर हिरवा-पांढरा थर आहे का, हे पाहावं. दोन पायांचा स्टँड आणि डोळ्यांभोवतीचा काळा पडदा या दोन गोष्टी सर्रास हरवलेल्या असतात आणि सुट्या घ्यायला गेलं की महाग पडतात.

दुकानात चालवून बघू दिलं तर सहा एए सेल घालून किमान वीस मिनिटं चालू ठेवावं. पहिल्या मिनिटाला स्वच्छ दिसणारं चित्र यंत्र तापल्यावर तुटू लागतं. एका वेळी एकच डोळा लावून डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी पाहावी. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की मेंदू एका बाजूची उणीव दुसरीकडून भरून काढतो आणि दोष लक्षात येत नाही. आतून येणारी बारीक गुणगुण हा बिघाड नव्हे. तो हलणाऱ्या आरशांचा आवाज आहे. उलट तो येत नसेल तर काळजी करा.

प्रश्न (पुणे) : माझ्या व्हर्च्युअल बॉयमध्ये डाव्या डोळ्याच्या चित्रात आडव्या रेघा गायब आहेत. वरून दाबलं की थोडा वेळ चित्र नीट होतं. एलईडी जळले आहेत का?

जवळजवळ नक्कीच नाही. या यंत्राचा हा सर्वांत प्रसिद्ध रोग आहे आणि न दुरुस्त केलेल्या प्रत्येक नगात तो आज ना उद्या दिसतोच, असं धरून चाला.

यात टीव्हीसारखा पूर्ण पडदा नसतो. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एकच उभी ओळ असते आणि समोर सेकंदाला ५० वेळा हलणारा छोटा आरसा असतो. आरसा फिरत असताना ती ओळ ३८४ वेळा वेगवेगळी उजळते आणि डोळ्याला ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं पूर्ण चित्र दिसतं. म्हणजे एक एलईडी अख्खी आडवी रेघ काढतो. त्यामुळे एलईडीकडे जाणारी एखादी वाट तुटली की आडव्या रेघाच जातात.

ही वाट म्हणजे एक चपटी लवचिक केबल. ती एलईडीच्या पाटीला (सर्किट बोर्डाला) डागलेली, म्हणजे सोल्डर केलेली नाही, वीजवाहक गोंदाने चिकटवलेली आहे. तीस वर्षांत गोंद सुकतो, केबल सुटू लागते. दाबलं की टेकते, सोडलं की उचलते. तुमचं वर्णन अगदी हेच सांगतं.

हेअर ड्रायरने किंवा ओव्हनमध्ये तापवून गोंद पुन्हा धरायला लावायचा उपाय बऱ्याच व्हिडिओंमध्ये दाखवतात. तो काही आठवडे किंवा महिने टिकतो, आणि ओव्हनमध्ये प्लास्टिक वाकण्याची भीती वेगळीच. तो मार्ग सोडा. एकदाच डागा आणि मोकळे व्हा.

सामान : ४.५ मिमीचा गेमबिट (निंटेंडोच्या खास स्क्रूंचा पेचकस), लांब दांड्याचा फिलिप्स पेचकस, बारीक टोकाचं तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, ०.५ मिमी जाडीची ६०/४० सोल्डर तार, फ्लक्स, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, नवं धारदार पातं, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी), भिंग आणि मल्टिमीटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास यातलं बरंचसं मिळेल. गेमबिट मात्र ऑनलाइन मागवावा लागेल. गरम केलेलं पेनाचं टोपण स्क्रूवर दाबून पेचकस करायची युक्ती इथे वापरू नका. स्क्रू खोल भोकात आहेत, प्लास्टिक आतच तुटून बसतं.

सेल काढा, कंट्रोलरची वायर आणि डोळ्यांचा पडदा वेगळा करा. स्क्रू काढल्यावर झाकण हळू उचला, आत वायरी जोडलेल्या असतात. डावा आणि उजवा डिस्प्ले बाहेर काढण्याआधी टेपवर लिहून खुणा करा. आरशाला बोट, कापूस, कापड काहीही लावू नका. त्याचा चकचकीत थर काचेच्या मागे नसून पुढच्या बाजूला असतो, एका पुसण्यात ओरखडा कायमचा. धूळ असेल तर हाताने दाबायच्या ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका.

आता केबल. चिकटलेलं टोक पात्याच्या बोथट बाजूने सावकाश सोडवा. पाटीवरचा आणि केबलवरचा जुना गोंद अल्कोहोलने मऊ करून खरवडा. मग केबलच्या टोकाजवळचं प्लास्टिक आवरण पातं जवळजवळ आडवं धरून खरवडत न्या आणि खालचं तांबं उघडं करा. सगळ्यांत जास्त केबली इथेच वाया जातात: पातं उभं धरलं की तांबंच कापलं जातं. एका दमात करू नका, भिंगाखाली दोन-तीन वेळा हलके हात मारा.

पाटीवरच्या पट्ट्यांना आधी फ्लक्स लावून कथलाचा अगदी पातळ थर द्या. केबल पट्टीला पट्टी जुळवून ठेवा, कॅप्टॉन टेपने धरा, पहिली आणि शेवटची पट्टी डागा, भिंगातून पुन्हा जुळणी पाहा आणि मगच मधल्या डागा. आयर्न ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, एका पट्टीवर एक-दोन सेकंदच. जास्त वेळ टेकवलं तर आवरण आकसतं आणि शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर सरकतात.

जोडण्यापूर्वी मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन गोष्टी तपासा : प्रत्येक पट्टी आरपार वाजते का आणि शेजारशेजारच्या दोन पट्ट्या आपसात वाजत तर नाहीत ना. एक बाजू उघडलीच आहे तर दुसरीही त्याच बैठकीत डागून टाका. ती आज ठीक दिसत असली तरी तिचा गोंद तेवढाच जुना आहे. याआधी इतक्या बारीक पायांचं डागकाम केलेलं नसेल तर भंगारातल्या एखाद्या डीव्हीडी प्लेअरच्या चपट्या केबलवर हात बसवून घ्या, किंवा मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे हा परिच्छेद घेऊन जा.

प्रश्न (ठाणे) : सेलवर चालवणं महाग पडतं. थेट विजेवर चालवता येतो का?

येतो. बॅटरीच्या डब्याच्या जागी बसणारा 'अडॅप्टर टॅप' नावाचा सुटा भाग निंटेंडोनेच काढला होता. जपानी टॅपला फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम या निंटेंडोच्या जुन्या जपानी कन्सोलांचा अडॅप्टर चालतो, अमेरिकी टॅपला अमेरिकी सुपर निंटेंडोचा. दोन्ही १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअरचे. जपानी अडॅप्टरच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. आपल्याकडच्या बाजारू अडॅप्टरांमध्ये बहुधा तो धन असतो, म्हणून मोजल्याशिवाय पिन खुपसू नका. जुन्या अमेरिकी एनईएसचा (तिथल्या फॅमिकॉमचा) अडॅप्टर तर मुळीच नको, तो एसी देतो.

जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा आणि अमेरिकी १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. भार दहा वॉटच्याही आतला आहे, त्यामुळे ५० वॉटचा पुरून उरतो. केस वाळवायच्या यंत्रांसाठी विकतात तो हलका ट्रॅव्हल कन्व्हर्टर मात्र यासाठी नाही.

टॅप नसेल तर सहा रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला, चालतात. खेळून झाल्यावर सेल काढून ठेवायची सवय लावून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर) : एवढी मोठी कंपनी, तरी हा आपटला कसा? आणि सगळं लालच का?

आधी लाल. १९९५ मध्ये लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खात. निळे झळझळीत एलईडी नुकतेच, म्हणजे १९९३ मध्ये, जपानच्या निचिया कंपनीने बाजारात आणले होते आणि ते महाग होते. तिन्ही रंग घेतले असते तर किंमत आवाक्याबाहेर गेली असती. मूळ तंत्र अमेरिकेतल्या रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजीचं. गेम बॉयचे जनक गुनपेई योकोई यांनी ते निंटेंडोत आणलं.

अपयशाचं कारण एकच सांगता येत नाही. डोक्यावर बांधायचं यंत्र म्हणून सुरू झालेली कल्पना शेवटी टेबलावरच्या स्टँडवर आली, म्हणजे ना घरातल्या टीव्हीचा आनंद, ना गेम बॉयसारखं खिशात घालून न्यायची सोय. खेळणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला काही दिसत नाही, त्यामुळे दुकानात चारजण जमून बघताहेत असं दृश्यच होत नाही. मान वाकवून बसावं लागायचं, डोकं दुखायचं. खेळात ठरावीक वेळाने आपोआप थांबायची सोय कंपनीनेच दिली होती आणि सात वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असा इशाराही. त्यात कंपनीचा जीव निंटेंडो ६४ या पुढच्या कन्सोलमध्ये अडकलेला. जपानमध्ये २१ जुलै १९९५ ला १५,००० येनला आलेला कन्सोल तिथे डिसेंबरमध्येच संपला. अमेरिकेत किंमत १७९.९५ डॉलर होती, ती उतरवूनही उठाव झाला नाही. एकूण विक्री सुमारे ७ लाख ७० हजार.

योकोईंनी १९९६ मध्ये निंटेंडो सोडली. हे यंत्र आपटलं म्हणून त्यांना घालवलं, असं छापून येतं. ते इतकं सरळ नाही. आपली स्वतंत्र कंपनी काढायची त्यांची इच्छा आधीपासून होती. त्यांनी 'कोतो' काढली, बंदाई कंपनीच्या वंडरस्वान या हातातल्या कन्सोलवर काम केलं आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

प्रश्न (न्यू जर्सी) : पूर्ण संच जमवायचा आहे. किती खेळ आहेत? बनावट कसे ओळखावेत?

फक्त २२. जपानमध्ये १९ निघाले, अमेरिकेत १४, त्यातले ११ दोन्हीकडे. देशाचं कुलूप नाही, जपानी कार्ट्रिज (खेळाची डबी) अमेरिकी यंत्रात सरळ चालतं. म्हणूनच या यंत्राचा पूर्ण संच जमवणं शक्य वाटतं, आणि शेवटच्या चार खेळांपाशी पाकीट रिकामं होतं : व्हर्च्युअल बोलिंग, एसडी गुंडाम, स्पेस इन्व्हेडर्स आणि व्हर्च्युअल लॅब. चारही फक्त जपानमध्ये आणि अगदी अखेरीला, डिसेंबर १९९५ मध्ये आलेले, त्यामुळे थोडेच विकले गेले.

सुरुवात मारिओज टेनिसपासून करा, अमेरिकेत तो कन्सोलसोबतच मिळायचा म्हणून स्वस्त आहे. खरा खेळायचा असेल तर व्हर्च्युअल बॉय वारिओ लँड. दोन थरांत पुढे-मागे उड्या मारायची त्याची रचना चित्राच्या खोलीचा उपयोग करते, निव्वळ शोभा म्हणून ठेवत नाही. गॅलॅक्टिक पिनबॉल आणि रेड अलार्म त्याच्या पाठोपाठ. वॉटरवर्ल्ड फक्त संच पुरा करण्यासाठी.

महागडं कार्ट्रिज घेताना ३.८ मिमीच्या गेमबिटने उघडून आतल्या पाटीचा फोटो मागा; त्यावर निंटेंडोचं छापील नाव हवं. मात्र बाहेरच्या लेबलवरच्या शुद्धलेखनावरून निर्णय करू नका. व्हर्च्युअल लॅबच्या अस्सल लेबलवरच निंटेंडोच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जादा 'एन' पडले आहेत! वारिओ लँड आणि टेलेरोबॉक्सर सेव्ह करतात ते आतल्या नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर. सेल बदलला की जुनी नोंद जाते, आणि नवा सेल पट्ट्या आधीच जोडलेला घ्या. सेलच्या अंगावर थेट आयर्न टेकवू नये.

आणि हो, यंत्राच्या खालच्या बाजूला जोडणीचा पोर्ट दिसेल. दोन यंत्रं जोडायची केबल मात्र निंटेंडोने कधी विकली नाही, त्यामुळे 'अधिकृत लिंक केबल' म्हणून कुणी किंमत सांगितली तर पुढे जा.

प्रश्न (मडगाव) : स्टँडचा वरचा चिमटा तडकलाय, डोळ्यांच्या पडद्याचा फोम चुरा होतोय. आमच्याकडची हवाही दमट.

चिमटा तडकणं नेहमीचं. तुटलेल्या चिमट्याला नुसता सुपरग्लू धरत नाही, कारण सगळा भार तिथेच येतो. थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलए प्लास्टिकऐवजी पीईटीजी वापरा, ते थोडं लवतं. तोवर यंत्र पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून खेळा. फोम बदलताना जुना पूर्ण खरवडा आणि बंद छिद्रांचा मऊ काळा फोम लावा. प्लास्टिकची चौकट ताणू नका, तिच्या खुंट्या ठिसूळ झालेल्या असतात.

पावसाळ्यात झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलसह ठेवा, जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. बुरशी आरशावर बसली तर वर सांगितल्याप्रमाणे ती पुसता येत नाही. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवा.

प्रश्न (नागपूर) : प्रदर्शनात लोकांना चित्र दाखवायचं आहे. मोबाइलने फोटो काढला की काळे पट्टे येतात.

एलईडींची ओळ आरशाबरोबर सरकताना दिसते, म्हणून कॅमेऱ्याने घाईने टिपलं तर अर्धंच चित्र मिळतं. मॅन्युअल मोडमध्ये शटर १/२५ सेकंद ठेवा, म्हणजे आरशाच्या दोन पूर्ण फेऱ्या. आयएसओ कमी, फोकस हाताने, मोबाइल स्टँडवर. दोन्ही डोळ्यांचे फोटो वेगवेगळे काढा, डावा लाल आणि उजवा निळा-हिरवा करून एकावर एक ठेवले की लाल-निळ्या कागदी चष्म्यातून चित्राची खोली दिसते. बघणारे बरेच असतील तर खऱ्या यंत्राला दिवसभर राबवू नका. ते काचेआड ठेवा आणि शेजारी संगणकावर मेडनाफेन हा एम्युलेटर (यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) त्याच लाल-निळ्या मोडमध्ये चालवा.