सीबीएनच्या गमीनं झोप लागते का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी कोल्हापुरातनं, राजारामपुरीतनं लिहितेय. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, रात्री दोनला जाग आली की परत डोळा लागत नाही, मग स्वयंपाकघरात लाइट लावून लसूण सोलत बसतात. भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणतो सीबीएनच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या पाठवतो, गांजातलंच आहे पण नशा नाही, झोप मस्त लागते. त्यांना बीपीची आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. देऊ का?

उत्तर : ताई, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे हे वाचलं आणि माझं उत्तर तिथंच ठरलं, नका देऊ. सीबीडी हे गांजातलंच दुसरं द्रव्य, सीबीएनचं भावंड, ते घेतल्यावर वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असर वाढल्याची नोंद आहे, कारण यकृतात औषध जिरवणारी यंत्रणा त्यानं मंदावते. सीबीएनचा एवढासुद्धा अभ्यास नाही, मग या वयात प्रयोग कशाला? हिरड्यातनं रक्त येतंय, जरा कुठं आपटलं की काळंनिळं होतंय, अशी वेळ नको.

सीबीएन म्हणजे कॅनॅबिनॉल. ताज्या झाडात ते फारसं नसतंच. नशा आणणारं टीएचसी हवेनं, उजेडानं जुनं होत जातं तसं त्याचं सीबीएन बनतं, म्हणून पडून राहिलेल्या गांजात ते जास्त सापडतं, आणि जुन्या गांजानं सुस्ती येते या ऐकीव गोष्टीवरनं झोपेचं सगळं श्रेय त्याला मिळालं. नशा अगदीच नाही असंही नाही, टीएचसीपेक्षा बरीच कमी एवढंच. एका अलीकडच्या चाचणीत सात रात्री रोज २० मिलिग्रॅम दिलं, तर मधनंच जाग येणं कमी झालं, पण झोपेचा एकूण दर्जा औषध नसलेली गमी खाल्लेल्यांपेक्षा काही वेगळा निघाला नाही. त्यात थोडा दम आहे, नाही असं नाही, पण पाकिटावर लिहितात तेवढा नाही.

आणि भाच्याला सांगा, पार्सल पाठवू नको. तिकडं दुकानात मिळतं म्हणून इकडं चालतं असं नाही, गमीत टीएचसी निघालं तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं लचांड घरादाराच्या मागं लागेल.

आता सासूबाईंचं बघूया. दोनला उठतात त्या लघवीला उठतात का, हे आधी विचारा, बायका हे आपणहून सांगत नाहीत. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, ती रात्री घेत असतील तर झोपमोड होणारच. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांना दाखवा, गोळीची वेळ सकाळी करता येते का विचारा, मनानं मात्र बदलू नका. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद करा.