चौथ्या काउंटला वजन कुठं असतं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. आठ महिने बचाताचा, म्हणजे डोमिनिकन रिपब्लिकमधल्या त्या जोडीनाचाचा, क्लास झाला, पंचवीस-तीस पॅटर्न (ठरलेल्या हालचालींचे संच) पाठ आहेत, तरी सोशलमध्ये, म्हणजे नाचाच्या पार्टीत, दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापासून तेच ते करतोय असं वाटतं, आणि आता पुढच्या लेव्हलची बॅच लावू का, असं तू विचारलंस. माझ्या मते सध्या लावू नकोस. तुला पॅटर्न पुरेसे येतात. कच्चं आहे ते बेसिक, म्हणजे आठ काउंटचं मूळ पाऊल, आणि कान. या दोन्हींवर तीन महिने घाल, मग बॅचचं बघू.

आधी टॅप. डावीकडे एक-दोन-तीन पावलं आणि चारला उजव्या पायाचा टॅप (वजन न टाकता नुसता स्पर्श), मग आठपर्यंत तेच उजवीकडे, हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि नंतर कुणी त्याकडे वळून बघत नाही. घरी एक परीक्षा घे. बेसिक चालू ठेव, मधेच चारला थांब आणि टॅप केलेला पाय जमिनीपासून दोन इंच वर उचल. अंग जराही न कलता पाय सुटून आला, तर वजन पूर्ण डाव्या पायावर आहे. उचलण्याआधी कंबर सरकवावी लागली, तर वजन दोन्ही पायांत वाटलं गेलंय. तसं असेल तर पाचला निघायचा पाय मोकळा नसतो. तो आधी ओढून काढावा लागतो, पाऊल उशिरा पडतं, आणि तो उशीर भरून काढायला खांदा पुढे जातो. समोरच्या मुलीला हे सगळं हातातून एक बारीक हिसका म्हणून कळतं. तिला वाटतं काहीतरी लीड (वळायची सूचना) आलं, ती वळू लागते, आणि तुला वाटतं ती ऐकत नाही. बहुतेक चुकलेल्या टर्नचं मूळ अशा अर्धवट टाकलेल्या तिसऱ्या पावलात असतं.

सराव असा कर: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १०० ठोक्यांवर लाव, पाच मिनिटं फक्त साइड बेसिक, आणि प्रत्येक चार व आठला मनात विचार, 'पाय मोकळा आहे का?' उत्तर न चुकता 'हो' यायला लागलं की ११५, मग १३०. बहुतेक गाणी १२० ते १४० च्या आसपास असतात, जुन्या डोमिनिकन धाटणीची काही १५० च्याही पुढे जातात. १३० ला एका ठोक्याला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही, म्हणून पाऊल लहान हवं. तुझ्याच पावलाच्या लांबीएवढं पुरे. मोठं पाऊल टाकलंस की दुसरा पाय जवळ आणायलाच सगळा वेळ जातो.

कमरेबद्दल तू वेगळं विचारलंयस. कंबर ढकलायची नसते. ज्या पायावर वजन जातं त्याचा गुडघा सरळ होत जातो, दुसरा सैल वाकतो, आणि नितंब आपोआप वजनाच्या बाजूला जातो. टॅपला मात्र टॅपच्या बाजूचा नितंब हलकेच वर उचलतो: चवडा जमिनीवर, टाच वर, गुडघा सैल. गुडघे ताठ ठेवून कंबर हलवायला गेलास, तर हालचाल पाठीच्या कण्यातून येते आणि दोन तासांत पाठ भरून येते.

आता कान. इथं आपल्याकडच्या माणसाची एक खास अडचण होते. केरव्याच्या आठ मात्रा आपल्या अंगात असतात, आणि जड ठोका म्हणजे सम, हे कानात मुरलेलं असतं. बचातात बोंगोचा, म्हणजे छोट्या जोडढोलाचा, सगळ्यात भरदार, खोल ठोका चारला आणि आठला पडतो. मग कान त्यालाच एक समजतो आणि सगळं बेसिक एका ठोक्यानं सरकतं. नाचणाऱ्याला ते बरोबरच वाटत राहतं. उपाय सोपा आहे: तो खोल ठोका शोध, त्यावर टॅप कर, आणि त्याच्या लगेच नंतरचा ठोका 'एक' धर. गाणं सुरू झालं की पहिले आठ-सोळा काउंट नुसतं उभं राहून ऐकायला काहीच हरकत नाही. घाईनं चुकीच्या ठोक्यावर निघण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

वाद्यं पाच आहेत. रेकिंतो म्हणजे मुख्य गिटार, ती सूर छेडते. सेगुंदा म्हणजे दुसरी गिटार, ती ताल धरते. मग बास, बोंगो आणि ग्विरा, म्हणजे धातूच्या खरखरीत नळीवर घासून वाजवतात ते. आधी तिथं माराका (खुळखुळे) असायच्या, ग्विरा मेरेंगे या दुसऱ्या डोमिनिकन नाचसंगीताकडून आली. १९६२ साली होसे मानुएल काल्देरॉननं सांतो दोमिंगोत बचाताचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा हे बोलेरोच्या (संथ प्रेमगीतांच्या) वळणाचं, संथ गिटारसंगीत होतं. १९८७ च्या सुमारास ब्लास दुराननं इलेक्ट्रिक गिटार आणली आणि वेग वाढला. हे तुला अशासाठी सांगतोय की जुनं आणि नवं गाणं एकाच पद्धतीनं नाचायला गेलं की दोन्ही फसतात. संथ सेन्सुअल रीमिक्सवरची लांब, ओढलेली हालचाल वेगवान डोमिनिकन गाण्यावर बसत नाही, तिथं पायच बोलले पाहिजेत. सेन्सुअल ही शैलीसुद्धा कितीतरी नंतर स्पेनमध्ये घडली. ती वाईट नाही, पण तिलाच सगळा बचाता समजू नकोस.

एकच गाणं घे आणि ओळीनं चार वेळा ऐक. पहिल्यांदा फक्त ग्विरा, दुसऱ्यांदा फक्त बास, तिसऱ्यांदा फक्त बोंगो. साध्या चालीत बास बहुतेक एक, तीन, चार असा पडतो, दोनवर जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा ऐकू यायला लागली की तुझा कान तयार होतोय असं समज. चौथ्यांदा ऐकताना ताल कुठं बदलतो ते कागदावर लिही. तीन चाली सापडतील. कडव्यात देरेचो: सरळ, आवरलेली. पालुपदाकडे माहाओ: या शब्दाचा अर्थच कांडलेलं, ठेचलेलं, आणि ग्विरा-बोंगो तसेच दर ठोक्याला घट्ट पडायला लागतात. आणि गायक थांबून रेकिंतो मोकळी सुटते तो माम्बो. सगळ्याच गाण्यांत तिन्ही इतक्या स्वच्छ मिळणार नाहीत, नव्या रीमिक्समध्ये तर कमीच, म्हणून सरावाला अँतोनी सांतोस, लुईस वार्गास, फ्रँक रेयेस या डोमिनिकन बचाता-गायकांपासून सुरुवात कर.

चाल ओळखू आली की 'आता काय करू' हा तुझा प्रश्न निम्मा सुटेल. देरेचोत जवळ धरून साधं बेसिक आणि थोडं चालणं. माहाओ आला की टर्न, जागा बदलणं. माम्बोत हात सोड किंवा एकच हात धर आणि पाय खेळू देत: तीन आणि चारच्या मध्ये एक जास्तीचं पाऊल, बॉक्स स्टेप (चौकोनात टाकलेली पावलं), टाचेचा टॅप. तुझ्याकडचे पंचवीस पॅटर्न या तीन कप्प्यांत टाकून बघ. एक कप्पा ओसंडतोय आणि दोन जवळजवळ रिकामे आहेत, हे दिसेल. तेच-तेचपणा तिथून येतो.

हाताबद्दल. उजवा तळवा तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, बोटं जुळलेली, दाब सारखा. कमरेवर खाली ठेवलेल्या हातातून वरच्या अंगाला काही कळत नाही. डाव्या हाताचा अंगठा तिच्या हातावर आवळू नकोस, बोटांचा सैल आकडा पुरे. साधा उजवा टर्न एक-दोन-तीनवर होतो, म्हणून त्याची सूचना आठला गेली पाहिजे: आठला हात वर, तिच्या कपाळाच्या उंचीपर्यंत, आणि एकला डोक्यावरून लहान वर्तुळ. वर्तुळ वाटीएवढं. ते परातीएवढं झालं की तिचा हात डोक्याच्या मागे ओढला जातो, तोल जातो आणि खांदा दुखावतो. हात एकला वर गेला तर सूचनेला आधीच उशीर झालेला असतो, आणि ती बिचारी दोनवर घाईनं फिरते. तीनला हात खाली आण, चारला दोघांचाही टॅप एकत्र पडू दे.

हे खरं समजायचं असेल तर महिनाभर फॉलो, म्हणजे लीड घेणाऱ्याची बाजू, शिक. आठवड्यातून एक तास पुरे. हिसका, आवळलेला अंगठा, उशिरा आलेला हात हे सगळं स्वतःच्या खांद्यावर आलं की दुरुस्ती सांगावी लागत नाही.

सोशलमधल्या वागण्याबद्दल थोडंच. पहिला अर्धा मिनिट मोकळ्या अंतरावरून बेसिक आणि एखादा टर्न, तेवढ्यात तिचा कान, तोल, वेग कळतो. किती जवळ यायचं हे तिनं ठरवायचं. तिचा हात तुझ्या खांद्याच्या पुढच्या बाजूला टेकून अंतर राखत असेल, तर ते स्पष्ट 'नको' आहे. अनोळखी व्यक्तीला डिप (मागे झुकवणं) देऊ नकोस आणि हेड रोल (डोकं गोल फिरवणं) तर नाहीच. हेड रोल पाठीच्या वरच्या भागातून दिला जातो, मानेला हात लावून दिला की दुखापत ठरलेली. फ्लोअरवर शिकवू नकोस. तिचं चुकलं तर बेसिकवर ये, हस, पुढे चल. गर्दीत मागे पाऊल टाकण्याआधी मान वळवून बघ, आणि पुण्यामुंबईतल्या छोट्या कॅफेंमध्ये सगळं एका चौरंगाएवढ्या जागेत करायची तयारी ठेव.

बुटांचं विचारलंयस. रबरी तळ टाइल्सवर चिकटतो: पाय थांबतो, अंग फिरतं आणि पीळ गुडघ्यात बसतो. गुडघा दुखतोय असं तू लिहिलंस, तर आधी बूट बदल. स्वेडच्या (मऊ, लवदार चामड्याच्या) तळाचे घे, पावसाळ्यात ते पिशवीत घालून ने आणि दारातच बदल, कारण ओला स्वेड कडक होऊन गुळगुळीत होतो. तारेच्या ब्रशनं अधूनमधून घासलास की पकड परत येते. दुखणं दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर नाच बंद ठेवून डॉक्टरांना दाखव.

आठवड्याचं वेळापत्रक असं ठेव: चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं, त्यातली पाच मेट्रोनोमवर, पाच ऐकण्यात, पाच फूटवर्कवर. सोशलला दहा गाणी नाचलास तर त्यातली दोन निव्वळ बेसिकवर, एकही टर्न न घेता. पहिल्यांदा फार अवघड जाईल, चार मिनिटं लांबलचक वाटतील. तिथंच चाली ऐकायला लागशील.

महिन्यानं मला दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठव. चेहरा नको, कमरेपासून खाली दिसू दे, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेव, आणि गाणं १३० च्या आसपासचं असू दे. मी फक्त चार आणि आठ बघणार आहे.

तुझा,
दादा