पाप करून माफी मागितली की ख्रिस्ती माणूस सुटतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘वर्षभर वाटेल ते वागायचं आणि रविवारी चर्चमध्ये माफी मागितली की पाटी कोरी. मग ज्याचं नुकसान झालं त्याने काय करायचं?’

मी मिरजेची, ख्रिस्ती घरात वाढलेली. हाच प्रश्न मला कॉलेजात एका मैत्रिणीने विचारला होता आणि तेव्हा मी गप्प बसले होते. आज जमेल तसं सांगते.

मला वाटतं, गोंधळ ‘प्रायश्चित्त’ या शब्दापाशीच होतो. आपल्याकडे ज्याच्या हातून पाप घडलं त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचं असतं. उपास करायचा, दान द्यायचं, हरिपूरच्या संगमावर स्नान करायचं. मराठी बायबलातही हाच शब्द आहे, पण तिथे ते करणारा वेगळा. रोमकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात प्रायश्चित्त माणूस करत नाही, देवच ते पुरवतो. याचं मूळ लेवीय पुस्तकाच्या 16व्या अध्यायात आहे. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी इस्राएल लोकांसाठी दोन बकरे आणायचे. एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकाने दोन्ही हात ठेवून लोकांची सगळी पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. हे दरवर्षी करावं लागायचं, म्हणजेच ते पुरं पडत नव्हतं, असं इब्री लोकांस पत्र म्हणतं. ख्रिस्ताने स्वतःला अर्पण केलं ते एकदाच आणि कायमचं, ही आमची श्रद्धा.

मग निरपराध्याला शिक्षा का, असं तुम्ही विचाराल. वधस्तंभावर कुणी तिऱ्हाईत पकडून आणलेला नव्हता. तो देवच होता, असं आम्ही मानतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात शब्द आहे ‘समेट’: देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्यानेच नुकसान सोसलं. ते नेमकं कसं, यावर ख्रिस्ती पंडितांचंही एकमत नाही. अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्मने ते देवाचं देणं फेडण्याच्या भाषेत मांडलं, तर पुढच्या पिढीतल्या अबेलारने प्रेमाने माणसाचं मन पालटण्याच्या भाषेत. मला स्वतःला देण्याची भाषा जवळची वाटते, कारण ती मी घरात पाहिली आहे.

आमचे पप्पा दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांचे एक मित्र होते, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. द्राक्षबागेसाठी त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि पप्पा जामीन राहिले. पैसा बागेत गेलाच नाही. एक दिवस काका कुणाला न सांगता गाव सोडून गेले आणि हप्ते पप्पांच्या पगारातून कापले जाऊ लागले. चार वर्षं. मम्मीच्या दोन बांगड्या त्यातच गेल्या. माझी सायकल यायची होती, ती आली नाही.

पाचव्या वर्षी काका दारात उभे राहिले. आत येईनात. पप्पांनी त्यांना हाताला धरून आत आणलं, मम्मीने चहा ठेवला. ‘तुझं माझ्याकडे काही देणं नाही,’ पप्पा म्हणाले. काका रडले. मी मात्र आतल्या खोलीत जाऊन बसले, मला फार राग आला होता. पण त्या दिवशी एक समजलं. देणं माफ झालं म्हणून ते हवेत विरलं नव्हतं. ते फिटलं होतं, आमच्या घराने फेडलं होतं. इब्री लोकांस पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा ‘जामीन’ म्हटलंय. तो शब्द वाचला की मला पप्पांची पगाराची चिठ्ठी आठवते.

आता तुमच्या खऱ्या मुद्द्याकडे येते. ज्याचं नुकसान झालं त्याला वाऱ्यावर सोडा, असं येशूने कुठेच सांगितलेलं नाही. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, असं त्याने सांगितलं. जकातदार जक्कय याच्या घरी येशू उतरला, तेव्हा ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देईन, असं जक्कय आपण होऊन बोलला. कॅथलिक लोक धर्मगुरूपुढे पापकबुली देतात, आम्ही प्रोटेस्टंट थेट देवापुढे. पण लुबाडलेलं जवळ ठेवून केलेल्या कबुलीला दोन्हीकडे पश्चात्ताप म्हणत नाहीत. आमच्याकडे प्रभुभोजनाआधी, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, पाळकसाहेब मिनिटभर थांबतात. त्या मिनिटात पाटी कोरी होत असल्यासारखं मला कधीच वाटलं नाही. उलट तिच्यावरचं एकेक अक्षर नीट वाचावं लागतं.

आणि कृपेची ओढ इथे परकी नाही. ‘पतितपावन’ हा शब्द वारकऱ्यांच्या तोंडी आधीपासूनच आहे. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक शेवटच्या वर्षांत साताऱ्यात राहिले. 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो तिथेच. त्यांचे अभंग आम्ही अजून उपासनेत म्हणतो.

काका नंतर दर दोन-तीन महिन्यांनी यायचे आणि पाचशे रुपये टेबलावर ठेवायचे. माफ केलंय तर घेता कशाला, असं मी पप्पांना एकदा विचारलं. ते म्हणाले, ‘त्याला द्यायचेत, बाळा. नाही कसं म्हणू?’ शेवटचे पाचशे काकांनी आणले तेव्हा पप्पा अंथरुणाला खिळले होते. काकांनी नोट त्यांच्या उशाशी ठेवली आणि दोघं बराच वेळ त्या वर्षीच्या पावसाबद्दल बोलत बसले.