पहिलं पॅकेज पाठवलंस, त्याबद्दल

प्रिय,

डेबियन लिनक्ससाठी तू केलेलं पॅकेज काल रात्री उघडलं. पॅकेजातल्या चुका शोधणाऱ्या लिंटियनने एकही तक्रार केली नाही याचा तुला झालेला आनंद पत्रातून कळतोच आहे. पण माझ्याकडे ते बिल्ड झालं नाही. एसबिल्ड या साधनाने कोऱ्या डेबियनमध्ये बांधायला घेतलं आणि कॉन्फिगरच्या पायरीवरच अडलं: लायब्ररी शोधून देणारं पीकेजी-कॉन्फिग सापडत नाही. तुझ्या लॅपटॉपवर ते कधीतरी दुसऱ्या कामासाठी आलेलं असणार, म्हणून तुला जाणवलं नाही. कंट्रोल फाइलमध्ये, बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बांधायला लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत, त्याचं नाव घाल. यापुढे लॅपटॉपवर झालेल्या बिल्डवर विसंबू नकोस. ज्या यंत्रांवर डेबियनची पॅकेजं बांधली जातात, तिथे तुझं काहीही बसवलेलं नसतं.

हे पाच मिनिटांचं काम. खरा वेळ कॉपीराइट फाइलला दे. तू रीडमी वाचून 'सगळ्या फाइली एमआयटी परवान्याखाली' अशी एक ओळ लिहिली आहेस. माझं पहिलं पॅकेज नेमकं यावरच परत आलं होतं. डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरात एक फॉन्ट होता आणि त्याच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई होती. डेबियनच्या निकषांत असं काही मुख्य विभागात चालत नाही. नव्या पॅकेजांच्या रांगेत माणसं बसून फाइली उघडतात, त्यांना तो दिसला; मला दिसला नव्हता, कारण मी त्या फोल्डरात डोकावलेच नव्हते. तेव्हा प्रत्येक फोल्डर उघड. चित्रं, फॉन्ट, कुठून तरी उचललेली जावास्क्रिप्ट, सगळं.

आता तुझा पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये तू केलेला बदल. कंपायलरची वॉर्निंग जावी म्हणून दोन ओळी काढल्यास. त्या ओळी तिथे कशासाठी होत्या, हे मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. 2006 साली डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत असंच झालं. मेमरी तपासणारं साधन कुरकुर करत होतं म्हणून पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरने दोन ओळी काढल्या. काढण्याआधी त्याने अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना, विचारलंही होतं. पण एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवायला लागणारी यादृच्छिकता, म्हणजे अंदाज न येणारे आकडे, त्यातल्या एका ओळीतून आत येत होती. ती गेल्यावर प्रोसेस क्रमांकाशिवाय (चालू प्रोग्रामला मिळणारा नंबर) फारसं काही उरलं नाही, आणि ते क्रमांक साधारण 32,768 च, म्हणजे किल्ल्या अंदाजाने काढता येण्याजोग्या. मे 2008 मध्ये हे उघडकीस आलं, तोवर त्या पॅकेजने बनवलेल्या किल्ल्या जगभरच्या सर्व्हरवर पोचल्या होत्या. सगळ्या बदलाव्या लागल्या. तो मेंटेनर निष्काळजी नव्हता, म्हणूनच मला ही गोष्ट विसरता येत नाही. तुझा पॅच आधी अपस्ट्रीमला जसाच्या तसा पाठव. त्यांनी घेतला तर उत्तमच, नाही घेतला तर का ते कळेल.

आणखी एक सुचवते. या पॅकेजची दुरुस्ती चालू असतानाच डेव्हस्क्रिप्ट्स या साधनसंचातली डब्ल्यूएनपीपी-अलर्ट ही आज्ञा चालवून बघ. तुझ्याच यंत्रावरच्या ज्या पॅकेजांना आज वाली नाही, त्यांची यादी येईल. त्यातलं एक, तू रोज वापरतोस असं, निवड आणि त्याचे जुने बग वाचायला लाग. दुसऱ्याचा दहा वर्षांचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, वाचून मी जेवढं शिकले, तेवढं नवीन पॅकेज करून शिकले नाही.

अपलोडवर सही माझ्या डिजिटल किल्लीची असणार आहे, म्हणून मी प्रत्येक फाइल बघणार. दुरुस्त करून शुक्रवारपर्यंत पाठव, शनिवारी सकाळी बसते.

तुझी ताई